पान चौदावरचा हातचा

अंबरनाथ, १२ मार्च १९८७

ताई,

तुझा डबा इथे राहिला. टाइम ऑफिसच्या खिडकीत ठेवून तू तशीच निघून गेलीस, तो गेटवरच्या शंकरने मला आणून दिला. "ताईसाहेबांना सांगा, घासून ठेवलाय," म्हणाला. अंबरनाथ ते वांगणी दोन स्टेशनं, स्वतः आणून दिला असता. पण मागच्या आठवड्यात आलो तेव्हा तू खिडकीतून बघितलंस आणि दार लावून घेतलंस. तो मान पुन्हा नको. तेव्हा पत्राने विचारतो, डबा कुणाबरोबर पाठवू?

रागावली आहेस ते कळलं. रागाव, थोरली आहेस, तुला हक्क आहे. पण कशासाठी रागावली आहेस ते तरी नीट ठरव. कारखान्यातल्या चौकशीत मला जे विचारलं ते यंत्राबद्दल विचारलं. नवसीबद्दल मी एक वाईट अक्षर काढलं नाही. पॅकिंगमधली कंत्राटी बाई, बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरून एस.टी.ने येते, एवढीच माझी तिची ओळख. तिला कामावरून काढलं ते मॅनेजरसाहेबांनी. आठ वाजून एक मिनिट झालं की कार्डावर आकडा लाल छापला जातो, महिन्यात सहा लाल झाले की ताकीद, तीन ताकिदी झाल्या की घरी. हा नियम मी केलेला नाही. मी फक्त घड्याळ केलं.

आणि ते घड्याळ कसं केलं हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? वेळ मोजायची तयार चिप मिळायला सहा महिने लागणार होते. मी म्हटलं, चिप कशाला, प्रोसेसरकडूनच मोजून घेतो. त्याचा स्फटिक सेकंदाला तीस लाख बहात्तर हजार ठोके देतो. कुठल्या आज्ञेला किती ठोके लागतात ते पुस्तकात छापलेलं असतं. हिला चार, तिला सात, उडी बसली तर दहा, नाही बसली तर सात. यंत्राच्या गाभ्यात जो प्रोग्राम अखंड चालतो, वेळ मोजतो, लाल दिव्यांचे आकडे दाखवतो, कार्ड आलं का बघतो, त्या कर्नलमधल्या एकेका ओळीचे ठोके मी वहीत मांडले. आणि बेरजा तू केल्यास, पोळ्या लाटता लाटता, तोंडी. मी कागदावर करायचो तोवर तू उत्तर सांगून तव्यावरची पोळी उलटलेली असायची. मग हात पुसून वहीत आकडा लिहायचीस. प्रत्येक पानाखाली आपण आपापल्या नावाचं पहिलं अक्षर घालून लिहिलं: मोजणी श्या., बेरीज कु.

म्हणून तर तुझं चौकशीतलं वागणं मला समजलं नाही. घड्याळ यायच्या आधी, तू टाइम ऑफिसात हाताने मस्टर लिहायचीस त्या काळात नवसी एक दिवस उशिरा आली नाही, असं तू सांगितलंस, ठीक. साहेबांनी वही पुढे केली. "बाई, ही बेरीज तुमच्याच हातची ना? मग एक तर ही बाई खोटं बोलते, नाहीतर तुमची बेरीज चुकली. काय लिहू?" तू गप्प बसली असतीस तरी चाललं असतं. तू म्हणालीस, "तर मग माझी बेरीज चुकली असेल." आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा. कोणासाठी, ताई? ज्या कारखान्यात तू मला चिकटवलंस तो तूच सोडून गेलीस, आणि आता सगळे माझ्याकडे बघतात.

यंत्र बरोबर आहे असं मी म्हणालो, कारण कागदावर ते बरोबर आहे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी ते यंत्र उघडून साफ करणार आहे. गेटवर धूळ फार बसते. डब्याचं कळव.

तुझा,
श्यामकांत


अंबरनाथ, २० फेब्रुवारी १९८८

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर्षाने एक पोस्टकार्ड आणि त्यावर चार शब्द, "माझी बेरीज कुठे चुकली?" खाली नावसुद्धा नाही. पोस्टमनने वाचून मला विचारलं, शाळेतलं पत्र आहे का म्हणून.

वही सापडत नाही. घर लावताना मालिनीने कुठे ठेवली कोण जाणे. आमच्या लग्नाला तू आली नाहीस, तेव्हा मालिनी म्हणजे कोण हेही तुला सांगायला हवं. तुझी भावजय. तुझ्यासारखीच शिस्तीची आहे, माझी काही खैर नाही.

कारखान्यात सगळं ठीक. गेल्या एप्रिलपासून लाल आकडे जवळजवळ बंद झालेत. मॅनेजरसाहेब म्हणतात, नवसीला काढल्यापासून कंत्राटी लोकांना शिस्त लागली. पंधरा ऑगस्टला त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. शंकर माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आता रोज सकाळी घड्याळ मागं घ्यावं लागत नाही, साहेब." त्याच्या डोक्यात काय असतं त्यालाच ठाऊक. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला पार्ट्सवाला म्हणतो, "साईं, ऐसी मशीन हमको भी बना के दो, लाइन लग जाएगी." बनवीन म्हणतो.

नवसीची काही बातमी नाही. युनियनवाल्यांनी तिच्या नावाने कोर्टात अर्ज घातला आहे असं ऐकतो. असे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात.

तू जुन्या गोष्टी उकरू नकोस. डबा माझ्याजवळ नीट आहे.

श्यामकांत


बदलापूर, भाऊबीज १९८९

ताई,

आता आपल्यामध्ये एकच स्टेशन उरलं. बदलापूरला ब्लॉक घेतला आहे, दुसरा मजला, गॅलरीतून रेल्वेचे रूळ दिसतात. मालिनीने आज पाट मांडला, तबक तयार केलं आणि संध्याकाळी तसंच उचलून ठेवलं. मला म्हणाली, "तुम्ही त्यांचं केलंय तरी काय?" मी म्हटलं, काही नाही, एका बेरजेचं भांडण आहे.

तुझं तिसरं कार्डही आलं होतं. तेच चार शब्द. ताई, तू असा छळ मांडलास तर माणसाने काय करावं? म्हणून आज सांगून टाकतो. वही सापडली. मी सगळी पानं तपासली. पान चौदा. कार्ड छापताना यंत्र थांबतं त्या वेळेचे ठोके आहेत तिथे. नऊ आणि आठ सतरा, सात लिहिलेस, आणि हातचा एक पुढे घ्यायचा राहिला. एवढंच. स्वयंपाक करता करता बेरजा केल्यावर कुणाच्याही हातून होईल. मी ते नंतर दुरुस्त केलं आहे, तेव्हा आता त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

हे चौकशीच्या वेळी मला माहीत नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

तर आता झालं. तुला उत्तर हवं होतं, मिळालं. नवसीला वगैरे सांगत बसू नकोस. तिला आता त्याचा काय उपयोग? ती कुठल्याशा शेतावर भातलावणीला जाते असं शंकर म्हणत होता. पुढच्या भाऊबीजेला ये. पाट मांडलेला असेल.

श्यामू


बदलापूर, ३ जून १९९४

ताई,

परवा तुझं पाकीट आलं. साडेचार वर्षं कार्ड नाही, काही नाही. मला वाटलं होतं, सुटलो. मालिनीने ते हातात दिलं तेव्हा मी चहा पीत होतो, तो तसाच राहिला.

तू लिहिलं आहेस की त्या भाऊबीजेच्या पत्रानंतर आठच दिवसांनी तू नवसीच्या पाड्यावर गेलीस. वांगणीहून चालत, वाट विचारत. तिच्या अंगणात तिच्या पाया पडलीस आणि सांगितलंस, माझा एक हातचा राहिला म्हणून तुझं काम गेलं. तिने तुला भाकरी खायला घातली. तेव्हापासून दर महिन्याला तू तिच्याकडे जातेस, तिच्या मुलीला पाढे शिकवतेस. आणि आता दहा तारखेला कोर्टात तिचा अर्ज निघतो आहे, तिथे तू शपथेवर सांगणार आहेस की चूक तुझी होती. "तुला त्रास होणार नाही, तुझं मोजणं बरोबरच होतं असं मी सांगीन," असं शेवटी लिहिलं आहेस.

हे वाचून मी मोरीत गेलो आणि नळ सोडून बसलो. मालिनीला ऐकू जाऊ नये म्हणून.

ताई, पान चौदावर हातचा राहिलेला नाही. तो मी बनवला. नऊ आणि आठ हे आकडे त्या पानावर आहेतच, म्हणून ते घेतले, खरं वाटावं म्हणून. तुझी बेरीज बरोबर होती. सगळ्या पानांवरच्या सगळ्या बेरजा बरोबर होत्या. मी हे नीट, पहिल्यापासून लिहितो. पूर्वी लिहिलेलं सगळं बाजूला ठेव.

कार्ड आत गेलं की छाप नीट उमटावा म्हणून यंत्र दोन सेकंद थांबायचं. तेवढा वेळ कर्नलचं मोजणं बंद असायचं. म्हणून छापून झालं की तो घड्याळात आपणहून दोन सेकंद मिळवायचा. पान चौदा ते हे. थांबणं दोन, मिळवणं दोन. ८६ सालच्या ९ ऑक्टोबरला मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. रांग फार हळू सरकते, अधिकारी लोक उन्हात उभे राहतात, काहीतरी कर. मी त्याच दुपारी थांबणं निम्मं केलं. एक आकडा बदलला, प्रोग्रामची चिप नव्याने भरली, गेटवर जाऊन बसवली. वहीत पान चौदाच्या समासात लिहिलं, "थांबा निम्मा, ९/१०." मिळवण्याचा आकडा बदलायचा राहिला. यंत्र थांबायचं एक सेकंद आणि घड्याळात मिळवायचं दोन. म्हणजे प्रत्येक कार्डामागे घड्याळ एक सेकंद पुढे.

मी तपासलं का? तपासलं. एक कार्ड घालून बघितलं. समोर दिसतात ते तास आणि मिनिटं, एक सेकंद कुठे दिसणार? पण आपल्या गेटवर माणसं होती दोनशे साठ. रांगेचा क्रम तुला ठाऊक आहे. आधी अधिकारी आणि ऑफिसचे, मग कायम कामगार, आणि शंकर ज्यांना भिंतीच्या कडेला थांबवून ठेवायचा ते कंत्राटी शेवटी, मग ते कितीही वाजता आलेले असोत. कोणी लिहून ठेवलेला नियम नव्हता, पण तसंच चालायचं. मी पहिल्या चाळिसात असायचो. माझ्यापुरतं ते घड्याळ बरोबर होतं. नवसीचं कार्ड आत जाईपर्यंत ते चार मिनिटं पुढे गेलेलं असायचं. सात चाळीसची एस.टी. उतरून बाई पाव तास गेटवर उभी राहायची आणि आठ-दोनचा लाल आकडा घेऊन आत जायची. काही बाया सातच्या आधीच, रांग लागलेली नसताना, येऊन कार्ड घालू लागल्या. तिच्यासोबतच्या दोघी दुसऱ्या पाळीत गेल्या. नवसीचं मूल अंगावर पीत होतं, ती संध्याकाळची पाळी घेऊ शकत नव्हती.

शंकरने मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं. येताना एकदा, जाताना एकदा अशी दिवसाला दोनदा सगळ्यांची कार्डं पडायची, आणि रोज सकाळी तो रेडिओवरच्या बातम्यांना घड्याळ लावायचा. "साहेब, हे रोज आठ-नऊ मिनिटं मागं घ्यावं लागतं." मी त्याला म्हणालो, "बटण दाबायला जड जातं का तुला?" आणि तिथे उभे असलेले चारजण हसले, म्हणून मला बरं वाटलं.

आणि चौकशी. तुला ती आठवत असेलच, पण मला काय आठवतं ते सांगतो. नवसीला विचारलं, तुझं म्हणणं काय? ती म्हणाली, "मी तीच हाय, गाडी तीच हाय. म्होरं हुबी राहिली का आकडा काला, मागं हुबी राहिली का लाल. शेजारच्या कारखान्याचा आठाचा भोंगा तं मागाहून वाजतो." खंडेनवमीला शंकर यंत्राला झेंडूचा हार घालण्यात गुंतला होता, रांग कोणी लावलीच नाही, त्या दिवशी ती तिसरी उभी राहिली आणि आकडा काळा आला. हेही तिने सांगितलं. साहेब म्हणाले, "अगं, मागे उभं राहिल्यावर उशीर होणारच की!" सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसताच मला कळलं. रांगेतल्या जागेवर वेळ ठरते म्हणजे कार्डामागे काहीतरी साचत आहे, आणि कार्डामागे जे होतं ते पान चौदावर. ताई, मी दोन वर्षं शिकलो, चार महिने ठोके मोजले, आणि माझ्या यंत्रातला दोष इतक्या नेमक्या शब्दांत मला कोणी सांगितला असेल तर तिने. त्यानंतर साहेबांनी तुझ्यापुढे वही धरली. तू म्हणालीस, तर मग माझी बेरीज चुकली असेल. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मी म्हणालो, यंत्र बरोबर आहे.

का? घाबरलो. सगळे मला हुशार म्हणत होते आणि मला ते फार आवडत होतं. याहून मोठं कारण मी सात वर्षं शोधतो आहे, ते सापडत नाही.

साफसफाईच्या नावाखाली मी चिप बदलली. जुनी पुसून टाकायची होती. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असते, जांभळ्या दिव्याखाली वीस मिनिटं धरली की आतलं सगळं जातं. हात धजला नाही. उजेड लागू नये म्हणून तुझ्या डब्यात ठेवली. डबा का पाठवत नव्हतो ते आता कळलं असेल. वहीही तेव्हापासून माझ्याच कपाटात आहे. मालिनीने काही हरवलं नव्हतं.

कोर्टात तू काही सांगू नकोस. मी सांगतो. त्या पहिल्या यंत्राचा नमुना माळ्यावर आहे, तो काढला, चालतो. नवसीच्या वकिलांना भेटून आलो. डबा घेऊन येतो.

माझी लाज मला पुरून उरली आहे. ती कमी कर असं म्हणायला हे लिहीत नाही. पण दहा तारखेपर्यंत तरी त्या बेरजेचं ओझं तुझ्या डोक्यावर नको.

श्यामकांत


बदलापूर, ११ जून १९९४

ताई,

तू काल डबा उचलून तशीच निघून गेलीस, आणि पुढचं तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

तू मागच्या बाकावर होतीस, नवसीच्या मुलीशेजारी. माझ्याकडे बघितलं नाहीस, बरं केलंस. नाहीतर मला बोलता आलं नसतं. कंपनीच्या वकिलाने विचारलं ते तू ऐकलंसच. "तेव्हा खोटं बोललात, तर आज खरं बोलता हे कशावरून?" मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, यंत्र लावून बघा. जुनी चिप बसवली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं व्हायला आणि माझं बटण दाबायला एकच वेळ साधली. कार्ड कोणी घालायचं? न्यायाधीश म्हणाले, अर्जदार बाईच घालतील. नवसी उठली, पदर खोचला आणि एकच कार्ड साठ वेळा घालायला लागली. मी मोठ्याने मोजत होतो. तिच्या हाताकडे बघत होतो. पॅकिंगच्या कामात काच लागल्याची जुनी खूण आहे अंगठ्यावर, नखाला चिखल. त्याच हाताने तिने सहा सहा लाल आकडे घेतले होते. बेचाळीसनंतर माझी मोजणी थांबली. नवसी कार्ड हातात धरून थांबली.

मागून तू म्हणालीस, "त्रेचाळीस."

आणि मग साठपर्यंत तूच मोजलंस. सात वर्षांत तुझ्या तोंडून ऐकलेला तो पहिला शब्द. मला उद्देशून नव्हता, ठाऊक आहे. भिंतीवर अकरा सोळा आणि यंत्रावर अकरा सतरा झाले तेव्हा वकील खाली बघत होता, आणि मी तुझ्याकडे बघत होतो.

वही कोर्टात जमा झाली. देण्याआधी पान चौदाच्या समासात, "थांबा निम्मा, ९/१०" च्या पुढे, मी शेवटी लिहिलं: बदल श्या. ती जागा इतकी वर्षं कोरी होती. खाली तुझं "बेरीज कु." आहे तसंच आहे.

निकाल पुढच्या महिन्यात. नवसीचे वकील म्हणतात, तिला कामावर परत घ्यावं लागेल आणि त्या तिन्ही ताकिदी खोट्या ठरवून रद्द होतील. माझी नोकरी गेली, पत्र आजच मिळालं. मालिनीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तू गेल्यावर नवसी फाटकापाशी मुलीची वाट बघत उभी होती. मी हात जोडले. काय म्हणायचं ते रात्रभर घोकून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही चौकशीत सांगितलंत ते मला तेव्हाच कळलं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "समदे हसत व्हते. तू बी हसत व्हतास. तुजा हासू मदीच थांबला. मी बघितला."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाहीत? ताईलासुद्धा नाही?"

ती म्हणाली, "ताई पाया पडाया आली तवां मी तिला बोलली, तुजा काय बी चुकला नाय. तिला पटला नाय. भावानी लिवलाय म्हनली. आनि दुसऱ्या कोनाला काय सांगू? सांगितला असता तं परत हसले असते."

मग तिची मुलगी आली आणि त्या दोघी एस.टी.कडे गेल्या.

श्यामू